घराचं परिमाण : सेवाग्रामच्या मातीच्या कुटीची गोष्ट



दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार येतात. त्यातली परिग्रह-परिमाण व्रताची यादी नीट ऐका. सोनं-चांदी त्यात आहे, धनधान्य आहे, पण यादी सुरू होते ती क्षेत्र आणि वास्तूने. क्षेत्र म्हणजे जमीन आणि वास्तू म्हणजे घर. आपल्याकडे परिमाण घेताना बायका साड्या मोजतात, दागिने मोजतात, हिरव्या भाज्या सोडतात. घराचं परिमाण घेतलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही. घर म्हटलं की ते वाढत जायचंच, असं आपण धरूनच चालतो.

म्हणून यंदा आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या एका घराची गोष्ट सांगावीशी वाटली. या घराची मर्यादा ते बांधण्याआधीच कागदावर लिहिली गेली होती. घर आहे सेवाग्रामचं. आपण सगळ्या तिथे जाऊन आलोय, कुणी शाळेच्या सहलीत, कुणी पाहुण्यांना दाखवायला. बापूंचं घर म्हणून हात जोडून बाहेर येतो. ते घर कोणी बांधलं, कशाचं बांधलं, किती खर्चात बांधलं आणि इतकी वर्षं टिकलं कसं, हे घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने पाहायचं मात्र राहून जातं.

सेगावला जायचं ठरलं तेव्हा

१९३० साली दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परत राहायला यायचं नाही, असं ठरवलं होतं. त्यांना वर्ध्याला आणलं जमनालाल बजाज यांनी. वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये हरिजनांना खुलं करणारे तेच हे जमनालालजी. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालालजींनी वर्ध्यातली आपली बाग आणि इमारत दिली. तीच मगनवाडी.

संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबनीस झालेले आणि अमेरिकेत व्यापार आणि अर्थशास्त्र शिकून आलेले. कॉमर्सवाल्यांना खेड्याचं काय कळतं, असं कुणी म्हटलं की मी हे नाव सांगते. खेड्यातली वस्तू बाहेर गेली किती आणि पैसा परत आला किती, हा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला.

मगनवाडीत राहून खेड्यांची सेवा कशी होणार, हा प्रश्न गांधीजींना टोचत होता. मीराबेन आधी जवळच्या सिंदी गावात सफाईच्या कामाला राहिल्या आणि मग वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या सेगावला गेल्या. पुढे गांधीजींनी स्वतःच सेगावला जायचं ठरवलं. मार्च १९३६ मध्ये त्यांनी जमनालालजींना पत्र लिहून आपल्या अटी कळवल्या. बांची इच्छा असेल तर त्यांच्यासह, नाहीतर एकट्याने राहीन. झोपडीचा खर्च होईल तितका कमी असावा आणि कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांवर जाऊ नये. लागेल ती मदत गावातूनच घ्यावी.

सेगावची बरीचशी जमीन जमनालालजींच्या मालकीची होती. मोठा वाडा बांधून द्यायला त्यांना अवघड नव्हतं. खर्च करणारा हात तयार असताना राहणाऱ्याने आधी आकडा घातला, याचं मला मोल वाटतं. आश्रमात पहिल्या घराची गोष्ट सांगताना पाचशे रुपयांच्या मर्यादेचाही उल्लेख करतात. शंभर घ्या की पाचशे, बजेट आधी आलं आणि नकाशा नंतर. आपल्याकडे नकाशा आधी येतो आणि मग बजेट त्याच्यामागे धापा टाकत धावतं.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावला पायी आले. ऐन वैशाखातलं वर्ध्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. राहायला तेव्हा चटयांचा तात्पुरता आडोसा होता. मधले काही आठवडे ते दक्षिणेत नंदी हिल्सला होते. जूनच्या मध्यात भर पावसात पुन्हा वर्ध्याहून चालत आले, तोवर मीराबेननी घर उभं केलं होतं. तेच आजचं आदी निवास.

बांधणारी बाई

मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड, इंग्लंडच्या नौदलातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी. १९२५ च्या नोव्हेंबरात त्या साबरमतीला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. सेगावात त्यांनी गावातलीच माणसं हाताशी घेतली आणि गावकरी बांधतात त्याच पद्धतीने घर बांधलं.

आज आपण ज्याला बापू कुटी म्हणतो, ती मीराबेननी आधी स्वतःसाठी बांधलेली कुटी. आदी निवासात माणसं वाढली, पाहुणे वाढले, तेव्हा गांधीजी मीराबेनच्या कुटीत राहायला गेले आणि ती थोडी वाढवून घेतली. जगभरातून लोक जे घर बघायला येतात, ते मुळात एका बाईने स्वतःच्या गरजेपुरतं आखलेलं घर आहे. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडामाडाची झाडं आणि ॐ दिसतात, तेही मीराबेनचंच काम. साधं घर म्हणजे रुक्ष घर, असं त्यांनी मानलं नाही. रंग विकत आणला नाही, पण भिंत कोरीही ठेवली नाही. आपल्या आज्या सारवणावर बोटांनी रेघा ओढायच्या, तशीच ही कला.

आता बांची गोष्ट. आदी निवास म्हणजे मुख्यतः एक मोठी खोली. तिच्यात बापू, बा, सहकारी, आलेगेले पाहुणे सगळेच. खान अब्दुल गफार खान यांच्यासारखी मोठी माणसंही तिथे राहून गेली. पुरुषांची सतत वर्दळ असलेल्या घरात बाईला कपडे बदलायला, घटकाभर पाठ टेकायला कोपरा लागतो. बांची ही अडचण जमनालालजींच्या लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी छोटी कुटी बांधवून घेतली. ती बा कुटी बापू कुटीच्या जवळच आहे. साधेपणाचे नियम ठरवताना बाईची गरज कुणाच्या ध्यानात येते आणि कुणाच्या येत नाही, हे या दोन घरांमधलं अंतर चालताना कळतं. तुम्ही पुढच्या वेळी गेलात तर बा कुटीत जरा जास्त वेळ थांबा. बा ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला अटकेत गेल्या, ते परत आल्याच नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांचं निधन झालं.

मातीच का?

आपल्याकडे जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळ्या मातीत कापूस छान येतो, पण तिची भिंत टिकत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. घराला पांढरी माती लागते. तिच्यात कुटार किंवा गवत मिसळायचं, पाणी घालून पायाने तुडवायचं, मुरू द्यायचं आणि मग थर चढवायचे. हलक्या आडभिंतींना बांबूचा तट्टा किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांचा कुड उभा करून दोन्ही बाजूंनी माती थापायची. वर लाकडी बल्ल्या, बांबू आणि कवेलू.

सेवाग्रामची घरं याच कुळातली. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन अंगावर घेते, पण आत सोडायला वेळ लावते. कवेलूंच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाते. छप्पर चांगलं खाली उतरलेलं असतं, म्हणजे भिंतीवर पावसाची झड बसत नाही आणि दुपारचं ऊनही खोलीत शिरत नाही. भोवतीची ओसरी म्हणजे घराची छत्रीच. पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत अशा घरात बसून पाहा, म्हणजे कळेल.

विटांचं घर का नाही बांधलं? वीट भाजायला भट्टी लागते, भट्टीला सरपण लागतं. गावात जे पायाखाली पडलेलं आहे, ते सोडून बाहेरून माल आणायचा, म्हणजे गावचा पैसा गावाबाहेर गेला. कुमारप्पांच्या हिशेबात हे बसत नव्हतं.

आपल्या शास्त्रातही विटांचा विचार झालेला आहे, हे वाचून मला नवल वाटलं होतं. बाराव्या शतकातल्या आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. तिच्यात अंगारकर्म, म्हणजे भट्टीवर चालणारे धंदे, येतात आणि त्यात विटा भाजणं नाव घेऊन सांगितलेलं आहे. कारण आग्नेय आरंभ, असंख्य जीवांची हिंसा. अर्थात कवेलूही भट्टीतच भाजतात आणि आपली मंदिरं-घरंही विटांचीच आहेत. वीट वाईट, असा याचा अर्थ मी घेत नाही. प्रत्येक विटेमागे आग आहे, तेव्हा ती मोजून वापरावी, एवढं मी घेते.

मोजून वापरायची कशी, हे पुढे लॉरी बेकर यांनी दाखवलं. हे इंग्रज वास्तुकार १९४० च्या दशकात मुंबईत गांधीजींना भेटले. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात बसला. पुढे ते भारतातच राहिले आणि केरळात त्यांनी शेकडो साधी विटांची घरं बांधली. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची, ही पद्धत त्यांनी खूप वापरली. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे, तिथेही खेड्यांसाठी कमी खर्चाच्या घरांवर काम झालं आहे.

आत काय आहे

बापू कुटीत बैठक आहे, लिहायचं छोटं डेस्क आहे, तीन माकडांची मूर्ती आहे. आपल्या बायकांनी मुद्दाम पाहावी अशी वस्तू म्हणजे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. सेगावात साप फार. ते मारायचे नाहीत, पकडून दूर सोडायचे, असा आश्रमाचा नियम होता. त्या काळात, कंदिलाच्या उजेडात, मातीच्या घरात राहून हा नियम पाळणं सोपं नव्हतं.

इथल्या जगण्यात आपल्याला ओळखीचं बरंच सापडतं. आश्रमाच्या अकरा व्रतांतली पहिली पाच आपल्या पंचव्रतांचीच आहेत. गांधीजी विलायतेला निघाले तेव्हा आईसमोर त्यांना प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते आणि १८९१ मध्ये परतल्यावर भेटलेल्या श्रीमद राजचंद्रांचा त्यांच्यावर किती प्रभाव पडला, हे आपण जाणतोच. १९१५ च्या हरिद्वार कुंभात त्यांनी दिवसात पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही, असं व्रत घेतलं होतं. सूर्यास्ताआधी पानं वाढायची तर घराचा दिवस कसा आखावा लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचे विचारवंत सेवाग्रामला आले होते. ते या कुटीत बसून राहिले आणि मग तिच्याबद्दल बोलले. त्यांनी तिच्यातल्या सात प्रकारच्या जागा मोजल्या: चपला काढून मन थोडं स्थिर करायची जागा, सगळ्यांनी एकत्र बसायची मधली खोली, कामाची जागा, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघडी ओसरी आणि मोकळं न्हाणीघर. सामान ठेवायची इमारत वेगळी आणि माणसांचं घर वेगळं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते वाचल्यावर आपल्या घरांतल्या जागा मोजल्या. आजाऱ्यासाठी वेगळी जागा किती घरांत उरली आहे? कपाटांसाठी मात्र प्रत्येक खोलीत भिंत राखून ठेवलेली असते.

या एवढ्याशा घरातून देशाचा कारभार चालला. व्हाइसरॉयला बोलता यावं म्हणून इथे टेलिफोन आला. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, तेव्हा येणारी-जाणारी सगळी मोठी माणसं या ओसरीवर बसून गेली. शेगाव आणि सेगाव यांच्या नावांत टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. २५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी इथून गेले आणि परत आले नाहीत.

आश्रमाजवळच पाहुण्यांसाठी बिर्लांनी बांधलेली इमारत होती. बांच्या निधनानंतर डॉ. सुशीला नायर यांनी त्यात बायका-मुलांसाठी दवाखाना सुरू केला. आजच्या कस्तुरबा रुग्णालयाची सुरुवात तिथली. गरजेपेक्षा मोठं घर कुणाच्या उपयोगी लावायचं, याचंही उदाहरण शेजारीच आहे.

सारवणाचा हिशेब

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. मातीच्या घराचं कौतुक करणं सोपं आहे, ते सांभाळणं सोपं नाही. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, माकडांनी फोडलेले बदलायचे. दिवाळीआधी भिंती पोतारायच्या. आठवड्याला जमीन सारवायची. उधई बघायची. हे सगळं करायचं कुणी? खेड्यातल्या बाईने. तिने सिमेंटचं घर मागितलं तर तिला साधेपणाचं प्रवचन द्यायचा आपल्याला अधिकार नाही. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर मातीच्या घराचा भांडवली खर्च कमी आणि देखभालीचा खर्च कायमचा. हा दुसरा खर्च पैशात न होता बाईच्या कंबरेतून होतो, म्हणून वहीत दिसत नाही. बापू कुटी आज उभी आहे, कारण तिला दरवर्षी माणसांचे हात लागतात.

माझं सासरचं घर विटांचं. विटा मातीत बसवलेल्या आणि बाहेरून चुन्याची दर्ज. पुढे ओसरी, मागे विहीर. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, म्हणजे शेवटच्या उजेडात चुलीवरचं आटोपावं. सासूबाई सारवायच्या आधी मऊ झाडूने कोपरे झाडून मुंग्या बाजूला करायच्या, पाणी गाळून घ्यायच्या आणि मगच शेण कालवायच्या. आता भिंतींना ओल धरते आहे आणि घरात चर्चा चालू आहे, पाडून तीन मजली बांधायचं की दुरुस्त करायचं. मुलांचं चूक नाही. त्यांच्या गरजा खऱ्या आहेत, सुनांना त्यांच्या हक्काच्या खोल्या हव्यात आणि बांची गोष्ट माहीत असलेली मी त्याला नाही म्हणणार नाही.

मी एवढंच सांगितलं, नकाशा काढण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. खर्च कितीच्या वर जाणार नाही. खोल्या कितीच्या वर होणार नाहीत. आणि त्या खोल्या रोज झाडणार-पुसणार कोण. पहिल्या दोन ओळींवर बरीच वादावादी झाली. तिसऱ्या ओळीवर सगळे गप्प बसले आणि मग एका मजल्याचा विषय आपोआप मागे पडला. दुरुस्ती की नवीन, हे अजून ठरायचं आहे, पण तो कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला आहे.

तुमच्यापैकी कुणी यंदा परिमाण घेणार असाल, तर वास्तूचा रकाना कोरा सोडू नका. आणि ज्यांच्या माहेरी-सासरी जुनी विटामातीची घरं अजून उभी आहेत, त्यांनी ती कोणी बांधली, माती कुठली, कवेलू कुठले, खर्च किती आला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. मला पाठवलंत तर आनंद होईल. आपली घरं बांधणाऱ्या-सांभाळणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच खरेदीखतात सापडणार नाहीत.

उत्तम आकिंचन्य धर्माच्या शुभेच्छा. जय जिनेंद्र!